आईला ओळखू येईल असा इशारा: घरच्या कॉम्प्युटरच्या अँटिव्हायरसच्या नोंदी

४ जानेवारी २०२६, रविवार

आज फक्त पाहणी केली. घरचा कॉम्प्युटर चौघांचा आहे: आई, बाबा, धाकटा भाऊ, आणि शनिवार-रविवारी घरी आले की मी. विंडोज ११, आठ जीबी रॅम, एक टेराबाइटची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्याच्या थोडं आधी मीच हे यंत्र ११ वर नेलं होतं, पण अँटिव्हायरसकडे बघायचं तेव्हा राहून गेलं.

काम हाती घ्यायचं कारण काल संध्याकाळी घडलं. आई एक ऑनलाइन फॉर्म भरत होती. उजव्या कोपऱ्यात लाल पट्टी वर आली आणि आईने ती न वाचता फुलीवर क्लिक करून घालवली.

“काय होतं गं ते?”

“अगं, ते रोजचंच आहे. बंद केलं की जातं.”

मी शेजारी बसून मोजायला लागले. तासाभरात अकरा इशारे आले आणि आईने अकराही न वाचता बंद केले. मी मात्र प्रत्येकाचा फोटो काढून ठेवला होता. तीन इशारे कॉम्प्युटरबरोबर आलेल्या, चाचणीची मुदत कधीच संपलेल्या एका अँटिव्हायरसचे होते, ‘संरक्षण संपले, आता घ्या’ म्हणणारे. चार भावाने नंतर टाकलेल्या मोफत अँटिव्हायरसचे होते. त्यांतला एकही व्हायरसबद्दल नव्हता. कचरा फाइल साफ करा, वेग वाढवा, आमचं दुसरं उत्पादन बघा, असंच सगळं. उरलेले चार ब्राउझरमधून आलेले होते. कुठल्यातरी वेबसाइटने ढालीचं चित्र लावून ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असं सांगणारे. म्हणजे अकरापैकी एकही खरा नव्हता. बारावा खरा असता, तर तोही त्याच फुलीने गेला असता.

आईची यात काही चूक नाही. रोज खोटं ओरडणाऱ्याकडे माणूस दुर्लक्ष करायला शिकतो, तशी ती शिकली आहे. म्हणून या कामाचं उद्दिष्ट वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं: यंत्राने गरज असेल तेव्हाच बोलावं, आणि ते बोललं की खरं आहे हे आईला ओळखता यावं.

विंडोज सिक्युरिटी, म्हणजे विंडोजमधली सुरक्षेची सगळी माहिती दाखवणारी खिडकी, उघडून पाहिलं. अँटिव्हायरसच्या यादीत दोन्ही बाहेरच्या प्रोग्रॅमची नावं आहेत आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला झालेला आहे. बाहेरच्या अँटिव्हायरसने विंडोजकडे नोंदणी केली की डिफेंडर आपणहून मागे सरतो, तशीच ही रचना आहे. मुदत संपलेल्या प्रोग्रॅमची व्हायरसची यादी मात्र कित्येक महिने जुनी आहे. तो रॅम खातो, सुरू व्हायला वेळ लावतो आणि पकडत काहीच नाही.

१० जानेवारी, शनिवार

कोणता ठेवायचा हे आज ठरवलं. पैसे भरायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, कारण घरच्या वापराला त्याची गरज नाही असं माझं मत आहे.

पहिला विचार क्लॅमएव्हीचा. हा अँटिव्हायरस पूर्ण मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही पाहता येतो, त्यामुळे मनातून तोच हवा होता. ईमेल सर्व्हरवर येणारी पत्रं तपासायला तो वर्षानुवर्षं वापरला जातो आणि आता त्याची जबाबदारी सिस्को या कंपनीकडे आहे. पण विंडोजवर तो फाइल उघडण्याच्या क्षणी तपासत नाही. आपण सांगू तेव्हा किंवा ठरवलेल्या वेळीच स्कॅन करतो. आई एखादी जोडफाइल डबल-क्लिक करेल तेव्हा मध्ये उभं राहणारं कुणीतरी हवं. शिवाय व्हायरसच्या खुणांची यादी मेमरीत घेतानाच तो एक जीबीहून जास्त रॅम घेतो. आठ जीबीच्या यंत्रावर हे जड आहे. नाइलाजाने सोडला.

दुसरा पर्याय नावाजलेल्या मोफत अँटिव्हायरसचा. मॅगडेबर्गची एव्ही-टेस्ट आणि इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था नियमित चाचण्या घेऊन निकाल खुले ठेवतात. ते वाचले, तर पकडण्याच्या बाबतीत वरच्या फळीतल्या मोफत प्रोग्रॅममध्ये फार अंतर दिसत नाही. मग निवड दुसऱ्या कसोटीवर करायची: हा प्रोग्रॅम जगतो कशावर? मोफत देणाऱ्या कंपनीला खर्च भागवावाच लागतो. बहुतेकजण तो विकतच्या आवृत्तीकडे ढकलून भागवतात, आणि ते ढकलणं म्हणजेच आईच्या कोपऱ्यातले ते चार इशारे. याहून गंभीर प्रकारही घडला आहे. अव्हास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली. प्रकरण उघड झाल्यावर २०२० मध्ये जम्पशॉट बंद झाली आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटिव्हायरसला आपण घरातल्या प्रत्येक फाइलची किल्ली देतो, म्हणून हा प्रश्न मला पकडण्याच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तिसरा पर्याय डिफेंडर. तो कुचकामी आहे असं भाऊ अजून म्हणतो. ती समजूत जुन्या काळातली आहे. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये जायंट नावाच्या कंपनीकडून स्पायवेअर पकडणारा प्रोग्रॅम घेतला आणि त्यातून डिफेंडर झाला. तेव्हा तो खरोखर व्हायरससाठी नव्हताच. व्हायरससाठी २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळा आला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून दोन्हींचं काम डिफेंडरमध्ये एकत्र झालं. आज तो वर सांगितलेल्या दोन्ही संस्थांच्या चाचण्यांत बाकीच्यांच्या बरोबरीने उतरतो. मुख्य म्हणजे तो आपली दुसरी आवृत्ती घ्या म्हणून कोपऱ्यात येत नाही.

निर्णय: रोजचा पहारा डिफेंडरचा. जोडीला मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती, फक्त हाताने स्कॅन करण्यापुरती. तिच्यात सुरुवातीला पैसेवाल्या आवृत्तीची चाचणी चालू होते, ती लगेच बंद करायची. नाहीतर पुन्हा दोन पहारेकरी आणि पुन्हा नवे इशारे.

११ जानेवारी, रविवार

सकाळी आधी बॅकअप. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि डिस्क काढून कपाटात ठेवली. ती जोडून ठेवली तर खंडणी मागणारा व्हायरस तिलाही कुलूप लावेल.

मग काढाकाढी. भावाने टाकलेला अँटिव्हायरस सेटिंग्जमधून मुकाट्याने गेला. जाताना तीन वेळा ‘नक्की ना?’ विचारलं, एवढंच. मुदत संपलेल्याने मात्र दुपार खाल्ली. काढला, रीस्टार्ट केलं, तर विंडोज सिक्युरिटीत त्याचं नाव तसंच आणि डिफेंडर अजून बंद. दोन तास मी सेटिंग्जमध्येच शोधत राहिले, ती माझी चूक झाली. अशा प्रोग्रॅमचे तुकडे ड्रायव्हर आणि सेवांच्या रूपाने मागे राहतात आणि ते काढायला बहुतेक कंपन्या स्वतःच वेगळं साधन देतात. ते उतरवून घेतलं, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होतं तेव्हा) चालवलं, यंत्र परत सुरू केलं. डिफेंडर आपोआप जागा झाला.

पुढे कुणाला करायचं असेल तर क्रम असा ठेवा: दोन्ही काढण्याची साधनं आधीच उतरवून ठेवायची, मग इंटरनेट तोडायचं, मग काढायचं. मधला काळ यंत्र उघडं असतं.

डिफेंडरच्या व्हायरस-खुणा अर्थातच जुन्या होत्या. ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबून ताज्या केल्या. मग आधी ऑफलाइन स्कॅन. यात यंत्र रीस्टार्ट होतं आणि नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात म्हणतात. आमच्या डिस्कला पंचवीस लागली. काही सापडलं नाही. रात्री पूर्ण स्कॅन लावून झोपले.

१२ जानेवारी, सोमवार

पूर्ण स्कॅन ६ तास ४० मिनिटं. दोन गोष्टी सापडल्या, दोन्ही डाउनलोड्समध्ये: पीडीएफ बदलणाऱ्या ‘मोफत’ प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलर फाइल. व्हायरस नव्हेत, सोबत नको ते प्रोग्रॅम घुसवणारी पुडकी. काढली. मालवेअरबाइट्सनेही एक ब्राउझर एक्स्टेन्शन दाखवलं, तेही काढलं. बसची वेळ झाली, बाकी पुढच्या शनिवारी.

१७ जानेवारी, शनिवार

आज सेटिंग्ज. प्रत्येक बटण दाबताना स्वतःला एकच प्रश्न विचारला: यामुळे आईसमोर काही येणार का, आणि आलं तर ते तिला कळेल का?

रिअल-टाइम प्रोटेक्शन चालूच आहे. क्लाउडवरून, म्हणजे इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून, मिळणारं संरक्षण चालू ठेवलं. आज सकाळी जन्मलेला व्हायरस यादीत यायला वेळ लागतो, क्लाउडला विचारलं तर उत्तर काही क्षणांत मिळतं. संशयास्पद फाइलचे नमुने आपोआप पाठवण्याबद्दल बराच विचार केला. कालपरवा माहिती विकण्याबद्दल लिहिलं आणि आज स्वतःच फाइल पाठवायला हो म्हणायचं? डिफेंडर प्रोग्रॅमसारख्या फाइल न विचारता पाठवतो आणि वैयक्तिक मजकूर असण्याची शक्यता असलेल्या फाइलसाठी आधी विचारतो. चालू ठेवलं, पण घरात सांगून: असं कधी विचारलं तर ‘नको’ म्हणा आणि मला कळवा.

टॅम्पर प्रोटेक्शन चालू. बरेच व्हायरस आत आल्यावर आधी अँटिव्हायरस बंद करायला बघतात. हे बटण त्या हाताला अडवतं.

रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनमध्ये नको असलेले प्रोग्रॅम अडवण्याची सोय आहे. तिथे ॲप आणि डाउनलोड अशा दोन्ही चौकटींत खूण केली. सोमवारी सापडलेल्या पुडक्यांसारखी पुडकी यापुढे उतरतानाच अडतील.

कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस मूळात बंद असतं, ते चालू केलं. खंडणीवाल्या व्हायरसवर घरच्या यंत्रात याहून थेट उपाय मला माहीत नाही. ओळखीचे प्रोग्रॅम सोडून इतर कुणालाही डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा फोल्डरमधल्या फाइल बदलता येत नाहीत. डी ड्राइव्हवरचं जुन्या फोटोंचं फोल्डर यादीत नसतं, ते हाताने जोडलं. याचा त्रासही होतो हे माहीत आहे. एखादा साधा, जुना प्रोग्रॅमही अडू शकतो. तेव्हा बघू.

विंडोजचे अपडेट कुणीतरी महिनाभर पुढे ढकलून ठेवले होते. भाऊच. त्याला वॉनाक्राय या खंडणीवाल्या व्हायरसची तारीखवार गोष्ट सांगितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता, आणि हल्ला झाला १२ मे ला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी अपडेट ढकलला, त्यांच्याकडे अँटिव्हायरस असूनही दार उघडं राहिलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने स्वतःच ‘रिझ्यूम’ दाबलं.

शेवटी डिफेंडरच्या सूचना. सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या पानावर तीन खुणा आहेत. ‘स्कॅन झालं, काही सापडलं नाही’ असं कळवणारी काढून टाकली. ती माहिती खरी असली तरी आईच्या दृष्टीने तो आणखी एक आवाज आहे. काहीतरी अडवलं, काहीतरी सापडलं, याच दोन ठेवल्या.

१८ जानेवारी, रविवार

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम आज झालं, आणि त्यात अँटिव्हायरस जवळजवळ नव्हता.

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, साइटच्या परवानग्यांखाली, सूचना पाठवायची मुभा दिलेल्या वेबसाइटची यादी असते. आईच्या ब्राउझरमध्ये तिथे एकोणीस नावं होती. तिने एकदाही जाणूनबुजून हो म्हटलेलं नाही. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ असं म्हणणारी पानं असतात, त्यांनी तिच्याकडून ते दाबून घेतलं. ढालीचं चित्र लावून व्हायरस ‘सापडल्याचं’ सांगणारे ते चार इशारे याच यादीतल्या साइटचे होते. हे व्हायरस नसल्याने कुठलंही स्कॅन त्यांना हात लावत नाही. एकोणीसही नावं काढली, आणि यापुढे कुठल्याही साइटला सूचना पाठवायची परवानगी मागताच येणार नाही अशी सेटिंग केली. बाबांच्या ब्राउझरमध्ये सात होती.

त्यानंतर आईला खरा इशारा दाखवायचा होता. तिने तो आयुष्यात कधी पाहिलेलाच नाही. मग ओळखणार कसा? त्यासाठी आयकार फाइल वापरली. ही ६८ अक्षरांची एक ठरलेली ओळ आहे, अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे तपासण्यासाठीच बनवलेली. ती कुणाचं काही बिघडवत नाही, पण सगळे अँटिव्हायरस आपसांतल्या संकेतानुसार तिला व्हायरससारखं पकडतात. नोटपॅडमध्ये ती ओळ टाकली, आईला माउस दिला आणि म्हटलं, “सेव्ह कर.”

केलं. दोन-तीन सेकंदांत कोपऱ्यात डिफेंडरची पट्टी आली आणि फाइल गायब. आईने सवयीने माउस फुलीकडे नेला आणि तिथेच थांबली. “वाचू का?” म्हणाली. आम्ही ती पट्टी दोनदा वाचली. मग ३ जानेवारीला काढलेले खोट्या इशाऱ्यांचे फोटो शेजारी ठेवले आणि फरक तिनेच शोधले, मी फक्त लिहून घेतले. खऱ्यावर विंडोज सिक्युरिटीचं नाव आहे, खोट्यावर बारीक अक्षरात वेबसाइटचा पत्ता आणि ब्राउझरचं नाव. खऱ्यावर क्लिक केलं की विंडोज सिक्युरिटीची खिडकी उघडते, खोट्यावर केलं की ब्राउझर. खऱ्यात घाई नसते, उलटे सेकंद मोजत नाही, भोंगा वाजत नाही. खऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ही शेवटची खूण तिला सगळ्यात जास्त पटली.

मग आपणहून म्हणाली, “पुन्हा एकदा कर.” बाबांनाही बोलावलं. एकूण चार वेळा केलं.

पूर्ण पडदा व्यापून ‘कॉम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा’ म्हणणाऱ्या पानाची तालीमही घेतली. मी एक साधं पान पूर्ण पडद्यावर उघडून ठेवलं आणि आईला बाहेर पडायला सांगितलं. आधी एस्केप, मग एफ-११, तरीही नाही तर ऑल्ट आणि एफ-४, आणि तेही चाललं नाही तर पॉवरचं बटण धरून ठेवायचं. “फाइल जातील ना?” विचारलं तिने. न सेव्ह केलेलं तेवढं जाईल, बाकी काही नाही. नंबरवर फोन करण्यापेक्षा ते परवडतं.

जाता जाता खाती वेगळी केली. आतापर्यंत सगळे एकाच प्रशासक खात्यावर, म्हणजे यंत्रात काहीही बदलू शकणाऱ्या खात्यावर, होते. आता आई, बाबा आणि भाऊ, तिघांची साधी खाती, प्रशासकाचं वेगळं आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे. साध्या खात्यातून डिफेंडरच्या सेटिंग्ज बदलता येत नाहीत. भाऊ नाराज आहे. त्याच्याशी पुढच्या वेळी बोलायचं.

२४ जानेवारी, शनिवार

तक्रार: यंत्र दुपारी फार संथ होतं. चालू प्रोग्रॅमचा भार दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ सगळ्यात वर दिसतं आणि डिस्क शंभर टक्के. हीच डिफेंडरची मुख्य प्रक्रिया. फिरत्या डिस्कवर तिचा भार जास्तच जाणवतो.

ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये, डिफेंडरच्या फोल्डरात ठरलेल्या स्कॅनचं काम असतं. तिथे वेळ लावली: रोज पहाटे नाही, कारण तेव्हा यंत्र बंद असतं. दुपारी दीड वाजता, सगळे जेवायला बसलेले असतात तेव्हा, झटपट स्कॅन. वेळ चुकली तर नंतर चालवण्याची खूणही केली. झटपट स्कॅन मेमरी आणि व्हायरस सहसा जिथून आपोआप सुरू होतात त्या जागा बघतं. रिअल-टाइम पहारा चालू असताना रोज एवढं पुरतं. पूर्ण स्कॅन महिन्यातून एकदा, मी घरी असेन तेव्हा.

स्कॅनला प्रोसेसर किती वापरू द्यायचा तो आकडा पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या खिडकीतून, बदलता येतो. मूळ ५० आहे, मी २५ केला. हा आकडा सरासरीसाठीचा आहे, कडक मर्यादा म्हणून तो चालत नाही, आणि यंत्र रिकामं असेल तर स्कॅन तो पाळतही नाही. डिस्कच्या भारावर तर त्याचा परिणाम थोडाच. खरा इलाज एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, हाच आहे.

भावाशी बोलणं झालं. तो प्रोग्रॅमिंग शिकतो. प्रोग्रॅम बनवताना हजारो छोट्या फाइल तयार होतात आणि डिफेंडर प्रत्येक बघतो. त्याची मागणी: अख्खा डी ड्राइव्ह तपासणीतून वगळ. त्याचा त्रास खरा आहे, मी बसून पाहिला. पण वगळलेल्या फोल्डरमध्ये पहारा बघत नाही आणि स्कॅनही बघत नाही. डी ड्राइव्हवर आईबाबांचे फोटो आहेत, उतरवलेल्या सगळ्या फाइल तिथेच ठेवायची घरची सवय आहे. शेवटी फक्त त्याच्या प्रकल्पात आपोआप तयार होणाऱ्या फाइलचं एक फोल्डर वगळलं. बाहेरून आणलेलं काहीही तिथे ठेवायचं नाही, असं त्याने कबूल केलं. वगळलेल्यांच्या यादीत आणखी एक जुनी नोंद दिसली, त्याच्या एका गेमची. ती काढून टाकली. काही व्हायरस स्वतःचं फोल्डर याच यादीत गुपचूप घालतात, म्हणून ही यादी दर महिन्याला बघायची.

३१ जानेवारी, शनिवार

बाबांचा पेन ड्राइव्ह. छपाईसाठी तो बाहेरच्या कॉम्प्युटरला लागून आला होता आणि त्यात सगळ्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसत होते. डिफेंडरने लगेच पट्टी दाखवली आणि शॉर्टकट उचलायला सुरुवात केली. बाबा घाबरले, कारण पेन ड्राइव्ह रिकामा दिसायला लागला. “माझ्या फाइल त्याने पुसल्या!”

पुसलेल्या नव्हत्या. हा प्रकार जुना आहे: व्हायरस खरी फोल्डरं ‘लपलेली’ आणि ‘सिस्टिमची’ अशी खूण लावून झाकतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकट उघडला की फोल्डरही उघडतं आणि मागून व्हायरसही चालतो, त्यामुळे वापरणाऱ्याला संशय येत नाही. पूर्ण स्कॅन करून घेतल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब आज्ञेने त्या खुणा उतरवल्या. सगळी फोल्डरं परत आली.

यातून एक गोष्ट नव्याने कळली. डिफेंडरचं पूर्ण स्कॅन मूळ सेटिंगमध्ये पेन ड्राइव्ह तपासत नाही. मी अकरा तारखेला ‘पूर्ण’ समजून झोपले होते, तेव्हा हाच ड्राइव्ह मागे लावलेला होता. पॉवरशेलमधून ते चालू केलं. शिवाय घरात सांगितलं: बाहेरून आलेला ड्राइव्ह आधी उजव्या क्लिकने स्कॅन करायचा, मगच उघडायचा. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलच्या नावाची शेपटी दाखवायची सेटिंगही चालू केली. शेपटी लपलेली असते तेव्हा ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नाव ‘बिल.पीडीएफ’ असंच दिसतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

बुधवारी दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. “कोपऱ्यात आलंय. विंडोज सिक्युरिटीचं नाव आहे, फोन नंबर नाही. बंद केलं नाही. वाचू?”

तिने प्रत्येक इंग्रजी शब्द सुटा सुटा वाचला. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसने एका प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये बदल करण्यापासून अडवलं होतं. प्रोग्रॅमचं नाव ऐकलं आणि लक्षात आलं: बाबांच्या कागद स्कॅन करायच्या यंत्राबरोबर आलेला जुना प्रोग्रॅम. बाबांना पडद्यावर ‘फाइल सापडली नाही’ एवढंच दिसत होतं, आणि अर्धा तास ते केबल काढून घालत होते. संरक्षणाने अडवलं की प्रोग्रॅम असाच भलता संदेश देतात. आईने पट्टी वाचली नसती तर मीही केबलच तपासायला सांगितली असती.

दूरवरून परवानगी देता आली नाही. क्विक असिस्ट या दुसऱ्याचा पडदा दूरवरून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने पडदा दिसत होता, पण प्रशासकाचा पासवर्ड विचारणारी चौकट आली की माझ्याकडे नुसता काळा पडदा. फोनवर पासवर्ड सांगायचा नाही, हे मी मनाशी ठरवलेलं आहे. बाबांना म्हटलं, “शनिवारपर्यंत तुम्ही डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर करून त्यात सेव्ह करा.” त्यांनी केलं.

आज इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, डिफेंडरच्या नोंदी उघडल्या. ११२३ क्रमांकाच्या, म्हणजे कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेसने अडवल्याच्या, पाच नोंदी होत्या, बुधवारी दुपारच्या, पाचही त्याच प्रोग्रॅमच्या. फाइलची जागा आणि निर्मात्याची डिजिटल सही तपासली, मग परवानगीच्या यादीत घातला. बाबांनी लगेच दोन कागद स्कॅन करून बघितले.

आईने बुधवारचा मजकूर वहीत उतरवून ठेवला होता, तारीख आणि वेळेसकट. अकरा इशाऱ्यांच्या माझ्या यादीखालच्या मोकळ्या जागेत. या पंधरवड्यात कोपऱ्यात किती पट्ट्या आल्या त्याचाही हिशोब तिने ठेवला आहे: तीन. बाबांच्या पेन ड्राइव्हच्या दोन, आणि ही.

बाकी कामं: फेब्रुवारीचं पूर्ण स्कॅन उद्या. कपाटातल्या डिस्कवरून दोन फोटो परत आणून बॅकअप खरंच उघडतो का ते बघणं. एसएसडीसाठी यंत्र उघडून आत जागा आणि केबल आहे का ते पाहणं. आई म्हणते, तिच्या फोनमधल्या ब्राउझरमध्येही सूचनांची ती यादी असणार. ती उद्या दोघींनी मिळून बघायची.